बस सरकारची, बुश आमचा. पैसे मात्र अडकलेले

गेल्या महिन्यात मंडळाची बैठक संपल्यावर नेहमीप्रमाणे चहा चालू होता. आपल्या हिमायतनगरातले एक जुने सभासद, वय ७२, कपबशी हातात धरून सहज बोलावे तसे म्हणाले, "यंदा दसऱ्याला यंत्रांची पूजा केली ती शेवटची. दोन्ही लेथ विकायला काढलेत."

आम्ही चमकलोच. वडिलांच्या वेळेपासूनचा कारखाना. दोन लेथ, एक मिलिंग, चार कामगार. एका सरकारी गिऱ्हाइकाला बुश, पिना, वॉशर, स्लीव्ह पुरवण्यात तीन दशके गेली. कोणी विचारले, "का हो, ऑर्डरी बंद झाल्या का?"

"ऑर्डरी आहेत की! ऑर्डरींनीच मारलं," ते म्हणाले. "गनमेटल रोखीनं घ्यायचं, मजुरी शनिवारी द्यायची, वीजबिल महिन्याला भरायचं, आणि आपलं बिल? मागच्या वर्षीचं अजून टेबलावर आहे. मुलगा म्हणतो, बाबा, सरकारला बिनव्याजी कर्ज देण्याचा धंदा किती दिवस करणार?"

मुलाचे काय चुकले? या प्रश्नाला उत्तर देता आले नाही म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

मंडळी, हा एका घरचा प्रश्न नाही. आपल्यापैकी किती तरी घरांची चूल सरकारी सुट्या भागांवर पेटली आहे. या शहराची घडणच तशी आहे. निजामाच्या रेल्वेचा लालागुड्याचा वर्कशॉप एकोणिसाव्या शतकातला. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. त्याच खात्याची पुढे आंध्र प्रदेशाची आणि मग तेलंगणाची आरटीसी झाली. ऑल्विन आली, प्रागा टूल्स आली. स्वातंत्र्यानंतर भेल, १९६७ साली ईसीआयएल, १९७० साली भारत डायनॅमिक्स, १९७३ साली मिधानी, आणि पलीकडे मेदकचा रणगाडी वाहनांचा कारखाना. एवढे मोठे कारखाने आणि एवढी यंत्रे आली की त्यांच्या सावलीत लहान कारखाने उभे राहणारच. आजमाबाद, सनतनगर, बालानगर, पुढे जीडिमेट्ला आणि चर्लापल्ली. मराठवाडा १९५६ साली या राज्यातून गेला, पण जे मराठी टर्नर, फिटर, ड्राफ्ट्समन इथे राहिले त्यांच्यातल्या काहींनी नोकरी सुटल्यावर स्वतःची शेड टाकली. आपले हे सभासद त्यांच्यापैकीच एकाचे चिरंजीव.

सुट्या भागांचा धंदा बाहेरून दिसतो तेवढा सोपा नसतो. नवे यंत्र एकदाच विकले जाते, ते विकणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. त्या यंत्राचा झिजणारा भाग मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे कोणी तरी करत राहावे लागते. मूळ कंपनी कधी बंद झालेली असते, कधी तिने ते मॉडेल सोडलेले असते. ड्रॉइंग फाटलेले असते. मग जुना नमुना हातात घेऊन, मापे काढून, धातू ओळखून, तो भाग घडवणारा कारागीर लागतो. ऑर्डर किती? कधी पन्नास नग, कधी पाच. मोठ्या कंपनीला त्यात रस नसतो. म्हणजे सरकारी गाडी रस्त्यावर ठेवण्याचे काम शेवटी चार कामगारांच्या शेडवर येऊन पडते. आणि त्या शेडला सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष पैसे मिळत नाहीत. यात न्याय कुठला?

आता कोणी म्हणेल, कायदा नाही का? आहे ना! आणि चांगला आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक घराने पाठ करून ठेवाव्यात.

पहिली: लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. करारात मुदतच लिहिलेली नसेल तर १५ दिवस.

दुसरी: माल पोचल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. "इन्स्पेक्शन बाकी आहे" असे तोंडी सांगून वर्षभर झुलवता येत नाही. पण त्यासाठी तुमच्या चलानवर तारखेसह पोच हवी. ती किती जण घेतात?

तिसरी: मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. करारात काहीही लिहिलेले असले तरी हे व्याज लागते.

चौथी: पैसे न मिळाल्यास राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येते. आधी समेट, तो फसला तर लवाद. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला व गिऱ्हाइकाला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. २०१७ साली समाधान पोर्टल सुरू झाले, तेव्हापासून घरबसल्या अर्जही करता येतो.

हे सगळे ऐकून आमचे सभासद हसले. म्हणाले, "मला हे सगळं ठाऊक आहे. अर्ज केला की पुढच्या टेंडरला माझं नाव यादीत राहील का, ते सांगा."

खरी अडचण इथे आहे. कायदा हक्क देतो, पण हक्क मागणारा माणूस एकटा असतो आणि त्याचे गिऱ्हाईक एकच असते. ज्याच्यावर दावा करायचा त्याच्याच दारात उद्या ऑर्डरसाठी उभे राहायचे. चार कामगारांचा मालक हे धाडस करणार कसे? आपल्याकडे तर भीडही मोठी. "साहेब ओळखीचे आहेत, वाईट वाटेल." साहेबांना वाईट वाटू नये म्हणून आपण लेथ विकायचे!

बरे, जे लढले त्यांचे काय झाले? दोन खटले सांगतो, दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले. पहिला केरळचा. तिथल्या एसटी महामंडळाला टायर रिमोल्डिंगसाठी रबर पुरवणाऱ्या सिल्पी इंडस्ट्रीज वगैरे लघुउद्योगांचा. करार असा की ९० टक्के रक्कम माल दिल्यावर आणि उरलेली १० टक्के कामगिरीचा अंतिम अहवाल आल्यावर. त्या दहा टक्क्यांवरून भांडण झाले. जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की कौन्सिलपुढच्या लवादालाही मुदतीचा कायदा लागू आहे, आणि गिऱ्हाइकाला उलट दावाही करता येतो. दुसरा खटला आपल्या महाराष्ट्राचा. सोनाली पॉवर इक्विपमेंट्स या ट्रान्सफॉर्मर पुरवणाऱ्या कंपनीचा, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाविरुद्धचा. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की मुदत उलटलेल्या रकमेसाठी समेटाला बसता येईल, पण लवादाला मुदतीचे बंधन राहील. आणि हा व्यवहार कधीचा? १९९० च्या दशकापासूनच्या पुरवठ्याचा! म्हणजे कायदा आपल्या बाजूचा असूनही एक पिढी खर्ची पडली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. तीन वर्षे होण्याच्या आत हालचाल करा. भीडेपोटी थांबलात तर समेटापुरते तोंड उरेल, हात उरणार नाहीत. आणि उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीच करून ठेवा. नोंदणी उशिरा झाली तर काय, यावर न्यायालयातच वाद चालू राहिलेला आहे, त्यात आपण कशाला सापडा? आणखी एक. हे संरक्षण माल तयार करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघुउद्योगांना आहे. तयार माल आणून पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. सुलतान बाजार-कोठीकडच्या आपल्या स्पेअर पार्टवाल्या दुकानदारांनी या भ्रमात राहू नये.

सरकारने काहीच केले नाही असेही म्हणणार नाही. २०१२ च्या खरेदी धोरणाने केंद्राची खाती आणि उपक्रम यांनी ठरावीक वाटा लहान उद्योगांकडून घेणे बंधनकारक झाले. तो २० टक्के होता, एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. ३५८ वस्तू तर फक्त लहान उद्योगांसाठी राखून ठेवल्या आहेत. बयाणा रकमेतून सूट आहे. सर्वांत कमी दरापेक्षा आपला दर १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून ऑर्डरीतला वाटा घेता येतो. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की लहान पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. खासगी कंपन्या या चाबकाला घाबरल्या. पण गंमत पाहा, सरकारी खाते आयकर भरतच नाही, आणि तोट्यातल्या महामंडळाला वजावटीचे काय कौतुक? चाबूक आहे, पण ज्याच्या पाठीवर पडायला हवा त्याच्या पाठीवर पडत नाही.

मग उपाय काय? माझ्या मते दोन आहेत. एक आपल्या हातातला, दुसरा मतपेटीतला.

हातातला उपाय म्हणजे एकट्याने लढणे बंद करणे. आपल्या समाजातल्या पाच-सहा लहान कारखान्यांनी मिळून एक छोटी होल्डिंग कंपनी काढावी, असा माझा प्रस्ताव आहे. मराठीत तिला सूत्रधारी कंपनी म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. २००५ साली महाराष्ट्राचे वीज मंडळ फोडून निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या केल्या, आणि त्यांच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी ठेवली. सरकारला स्वतःसाठी जे शहाणपण सुचते ते आपल्याला का सुचू नये?

ही कंपनी करणार काय? स्वतः एकही बुश घडवणार नाही. ती टेंडरे वाचील, बिलांचा पाठपुरावा करील, चलानांच्या पोचा सांभाळील, पंचेचाळीसावा दिवस उलटला की शेहेचाळीसाव्या दिवशी नोटीस काढील. धातू सगळ्यांसाठी एकत्र घेईल. एकाचे बिल अडकले तर दुसऱ्याच्या आलेल्या पैशातून त्याची मजुरी भागवील, अर्थात रीतसर कर्ज लिहून. आणि मुख्य म्हणजे, नोटिशीवर कुणा एका काकांची सही नसेल. साहेब रागावले तर सहा कारखान्यांवर रागवावे लागेल. सहा जणांचा माल एकदम बंद करणे सोपे नसते, गाड्या डेपोत उभ्या राहतात.

हे गोड स्वप्न म्हणून सांगत नाही. यात द्यावेही लागते. कंपनी कायद्याप्रमाणे सूत्रधारी कंपनी तीच, जिच्या हाती मतांचे निम्म्याहून अधिक अधिकार असतात किंवा संचालक मंडळ असते. म्हणजे प्रत्येक घराने आपल्या कारखान्याचा निम्म्याहून अधिक हक्क द्यायचा आणि त्या बदल्यात वरच्या कंपनीचे शेअर घ्यायचे. "आजोबांच्या नावाची पाटी" राहील, पण शेवटचा शब्द एकट्याचा राहणार नाही. आधी घरच्या नावावरची फर्म प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल. नवे पॅन, नवी नोंदणी, गिऱ्हाइकाच्या यादीत नाव बदलून घेणे, ही सगळी यातायात आहे, ती चांगला सीए धरूनच करावी. रिझर्व्ह बँकेची धास्ती मात्र नको. फक्त आपल्याच गटातले शेअर धरणारी आणि १०० कोटींच्या आतली कंपनी असेल तर तिथे नोंदणीची अट नाही. आपले सहा कारखाने मिळून १०० कोटींचे झाले तर मी स्वतः पेढे वाटीन!

दोन धोके मात्र आजच सांगून ठेवतो, नंतर "सांगितलं नव्हतं" नको.

पहिला धोका संगनमताचा. एकाच टेंडरला आपल्या दोन बहिणी-कंपन्यांनी वेगवेगळे दर भरायचे आणि आतून ठरवून घ्यायचे, हा मोह होतो. रेल्वेला ब्रेक ब्लॉक पुरवणाऱ्या दहा कंपन्यांना स्पर्धा आयोगाने जुलै २०२० मध्ये याच दोषाखाली पकडले. बऱ्याच कंपन्या लहान असल्याने दंड झाला नाही, पण ठपका बसला. आपली कंपनी दर भरील तो एकच.

दुसरा धोका लोभाचा. अमेरिकेत ट्रान्सडाइम नावाची होल्डिंग कंपनी आहे. विमानांचे खास भाग करणारे लहान-लहान कारखाने विकत घ्यायचे, आणि तो भाग दुसरा कोणी करत नाही हे पाहून भाव वाढवायचे, असा तिच्यावरचा आक्षेप. तिथल्या संरक्षण खात्याच्या तपासनिसांनी २०१९ साली ४७ भाग तपासले, त्यांपैकी ४६ भागांवर वाजवीपेक्षा जास्त नफा आढळला. काही भागांवर तो हजारो टक्के होता. शेवटी कंपनीने १ कोटी ६१ लाख डॉलर परत केले. म्हणजे होल्डिंग कंपनी हे हत्यार दुधारी आहे. अडलेल्या गिऱ्हाइकाला लुबाडण्यासाठी आपण एकत्र येत नाही. आपल्या कष्टाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून येतो. सरकारी खजिना शेवटी आपल्याच करांचा आहे. म्हणून कंपनीच्या घटनेतच लिहावे, की प्रत्येक भागाच्या खर्चाचा हिशेब मांडलेला असेल आणि गिऱ्हाइकाने मागितला तर दाखवला जाईल. आणि हेही लिहावे, की कोणाला शेअर विकायचे असतील तर आधी आपसात विचारावे. नाही तर उद्या कोणी बाहेरचा धनाढ्य येईल, सहाच्या सहा कारखाने एका सहीत उचलील, आणि आपण पुन्हा चहा पीत बसू.

"मराठी माणसं एकत्र येत नाहीत," हे वाक्य आता कोणी तरी बोलणारच. मला ते मान्य नाही. विवेकवर्धिनी १९०७ साली उभी राहिली ती कुणा एकाच्या तिजोरीतून नव्हे. या शहरातली आपली शाळा, ग्रंथालये, मंडळे वर्गणीवर उभी राहिली, आणि तीही परक्या भाषेच्या राजवटीत. शाळेसाठी जे जमले ते शेडसाठी का जमू नये? फरक एवढाच, की शाळेला आपण दान दिले आणि इथे मालकीतला वाटा द्यायचा आहे. दान देणे सोपे, वाटा देणे जड जाते. पण बंद कारखान्याचे एकटे मालक असण्यापेक्षा चालत्या कारखान्याचे भागीदार असणे बरे, एवढा हिशेब तरी आपल्याला जमायला हवा.

आता दुसरा उपाय, मतपेटीतला. निवडणूक आली की सगळ्या पक्षांना आपली आठवण होते. हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत आपली घरे विखुरलेली असली तरी मतदानाला ती बाहेर पडतात, हे त्यांना पक्के माहीत आहे. उमेदवार येतात, गणपतीच्या मंडपात आरती करतात, "मराठी समाजाचं या शहराच्या जडणघडणीत मोठं योगदान" वगैरे म्हणतात आणि जातात. यापुढे आरतीचे तबक देण्याआधी त्यांच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर तीनच प्रश्न असावेत. राज्याच्या महामंडळांकडे आणि खात्यांकडे लहान पुरवठादारांची ४५ दिवसांपेक्षा जुनी किती रक्कम थकली आहे, हे दर तिमाहीला खातेवार जाहीर कराल का? बिल अडवणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लेखी दिले पाहिजे, असा नियम कराल का? आणि कौन्सिलकडे अर्ज केल्याबद्दल कोणाचे नाव यादीतून उडणार नाही, याची लेखी हमी घ्याल का? उत्तर लेखी घ्यावे आणि याच पत्रकात, पक्षाचे नाव न झाकता, छापावे. होय म्हणणाऱ्याचेही आणि गप्प बसणाऱ्याचेही.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी नम्र सूचना अशी. येत्या बैठकीत सरकारला माल पुरवणाऱ्या आपल्या सगळ्या घरांना बोलवावे. प्रत्येकाने थकलेल्या बिलांची यादी, तारखा आणि चलाने घेऊन यावे. समाजातल्या एखाद्या सीएने आणि एखाद्या वकिलाने महिन्यातून एक रविवार सकाळ द्यावी. होल्डिंग कंपनी काढायची की नाही हे नंतर ठरवू. आधी आपली एकूण किती रक्कम अडकली आहे, तो आकडा तरी आपल्यालाच कळू दे. आजवर प्रत्येकाने तो आपापल्या कपाटात लपवला, जणू पैसे न मिळणे ही आपलीच लाज!

लाज बिल थकवणाऱ्याची आहे.

आमच्या त्या सभासदांना मी म्हणालो, "काका, लेथ विकायचे एक महिना थांबता का?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलं होतं परवा. भंगाराच्या भावानं मागत होता. बैठकीपर्यंत थांबतो. पण बैठक घ्या म्हणजे झालं."

तेव्हा बैठक घ्यावी, आणि सगळ्यांनी यावे. चहाची व्यवस्था नेहमीप्रमाणे मंडळाकडेच आहे. चलाने मात्र ज्याची त्याने आणावीत.